लगाम म्हणजे ब्रेक नव्हे

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर घोड्यावर बसलेला पर्यटक बहुधा एकच गोष्ट करतो: घाबरला की लगाम खेचून धरतो. लगाम ओढला की घोडा थांबतो, हा समज सर्वत्र आहे. घोड्याचे वजन शेकडो किलो असते. हाताच्या जोराने तो थांबणार नाही.

लगामाच्या टोकाला कडियाळे (तोंडात बसणारा धातूचा दांडा) असते. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तिथे हिरडीवर आणि जिभेवर ते टेकते. हा भाग फार नाजूक. एसटीत कंडक्टर दोरी ओढतो तेव्हा गाडी थांबत नाही, ड्रायव्हरला निरोप जातो, लगामाचेही तसेच. हलका ताण द्यायचा आणि घोडा मंदावताच सोडायचा. ताण सुटला, हेच त्याचे बक्षीस. शिकतो तो त्यातूनच. सतत खेचले तर वेदनेने मान वर करून तो उलट जोर लावतो.

किनाऱ्यावर आणखी दोन गोष्टींची काळजी. खाऱ्या हवेत कडियाळे गंजते आणि खरबरीत झाले की तोंड सोलते. तंगाखाली (खोगीर बांधण्याचा पट्टा) वाळू राहिली तर कातडी घासते. म्हणून आधी खरारा (अंग घासून साफ करणे), मग खोगीर.