वीज गावात आली, घरात कधी?

गावात वीज पोहोचली म्हणजे घरोघरी दिवा लागला, हा विजेबद्दलचा सगळ्यात जुना गैरसमज. त्याचा उगम सरकारी व्याख्येत आहे. १९९७ पूर्वी गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असली की गाव विद्युतीकृत ठरायचं. शिवारातल्या एका विहिरीवर मोटार चालू असली तरी पुरे! २००४ मध्ये नियम कडक झाला. वस्तीत आणि दलित वस्तीतही रोहित्र आणि तारा हव्यात, शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना यांना वीज हवी आणि किमान १० टक्के घरांत जोडणी हवी. हा कडक नियमसुद्धा शंभर उंबऱ्यांच्या गावात नव्वद घरं अंधारात ठेवू शकतो. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधल्या लैसांग गावात वीज पोहोचली आणि देशातलं शेवटचं गाव उजळल्याची घोषणा झाली. व्याख्येनुसार ती खरीच होती. पण उरलेल्या घरांसाठी सप्टेंबर २०१७ मध्येच ‘सौभाग्य’ योजना सुरू करावी लागली होती आणि मार्च २०२२ पर्यंत तिच्यातून २ कोटी ८० लाखांहून अधिक घरांना जोडणी मिळाली.

वीज नसलेली गावं कुठेतरी दूर, डोंगरदऱ्यांत असतात, असंही आपण धरून चालतो. घारापुरी बेट गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने तासाभराच्या अंतरावर. लेणी बघायला जगभरातून माणसं यायची आणि शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या तिन्ही वस्त्या संध्याकाळी काही तास चालणाऱ्या डिझेल जनरेटरवर भागवायच्या. समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून तिथे वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये.

‘सौभाग्य’मध्ये वीज फुकट मिळाली, असं अनेकांना वाटतं. फुकट होती ती जोडणी, तीही गरीब घरांना. इतरांकडून ५०० रुपये दहा हप्त्यांत घ्यायचे होते. वापराचं बिल सगळ्यांनाच लागू, आणि महिनाभर दिवा लावला नाही तरी स्थिर आकार येतोच. तारा नेणं जमलं नाही तिथे २०० ते ३०० वॅटचा सौर संच दिला गेला. पाच दिवे आणि एक पंखा त्यावर चालतो, मिक्सर नाही.

खरी गुंतागुंत मीटर बसल्यानंतर सुरू होते. ‘आमच्याकडे करंट कमी येतो, मुद्दाम सोडत नाहीत’ ही तक्रार वस्तीवर नेहमी ऐकू येते. गिरणी सुरू झाली की बल्ब पिवळा पडतो, ट्यूब लुकलुकते. यात कुणी मुद्दाम काही करत असेलच असं नाही. डीपीपासून, म्हणजे रोहित्रापासून, निघालेली लघुदाबाची तार जितकी लांब आणि तिच्यावर घरं जितकी जास्त, तितका दाब वाटेतच गळतो. शेवटच्या घराला उरेल ते मिळतं. घरात स्टॅबिलायझर लावून हे मुळातून सुटत नाही. उच्चदाबाची वाहिनी वस्तीपर्यंत आणून डीपी जवळ बसवावी लागते.

दुसरं कारण फीडरचं, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीचं. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. शेतात घर बांधून राहणाऱ्या कुटुंबाची तार बहुधा शेतीच्या फीडरवरून येते आणि त्या फीडरला थ्री-फेज वीज ठरावीक तासच असते. बाकीच्या वेळी सिंगल फेज मिळाली तर दिवे-पंखे चालतात. पण त्याच सिंगल फेजवर जुगाड करून मोटारी ओढल्या की डीपी जळते आणि सगळी वस्ती अंधारात जाते. हा दोष वीज कंपनीच्या माथी मारणं सोपं आहे, पण खरं नाही.

मात्र जळालेली डीपी वर्गणी काढून, टेम्पो ठरवून गावानेच बदलून आणायची, ही रूढी कंपनीच्या सोयीची आहे, कायद्याची नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या निकषांनुसार ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र ४८ तासांत बदलणं वितरण कंपनीचं काम आहे आणि मुदत टळली तर ग्राहकाला भरपाईची तरतूदही आहे.

सातबारा नावावर नसेल तर मीटर मिळत नाही, हेही असंच ऐकीव. वीज कायदा, २००३ चं कलम ४३ मालकाइतकाच जागेचा ताबा असलेल्या भोगवटादारालाही जोडणी मागण्याचा हक्क देतं. ताब्याचा पुरावा मात्र लागतो.

तेव्हा अर्ज तोंडी करू नका. लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर ग्रामीण भागात नवी जोडणी १५ दिवसांत, डोंगराळ भागात ३० दिवसांत देणं बंधनकारक आहे. नवे खांब, नवी वाहिनी लागणार असेल तर मुदत वाढते. पण ही मुदत पूर्ण भरलेल्या अर्जापासूनच मोजली जाते, वायरमनच्या कानावर घातल्यापासून नाही.