विश्लेषण : शस्त्रक्रियेत एकाच फुप्फुसावर श्वास, लहान मुलांसाठी कॅमेरा का महत्त्वाचा?

न्यूमोनियानंतर छातीत साठलेला पू, फुप्फुसातील जन्मजात दोष किंवा हायडॅटिड सिस्ट. अशा आजारांत लहान मुलांवरही आता दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. मात्र फुप्फुस सतत हलत राहिले, तर सर्जनला जागा मिळत नाही. म्हणून भूलतज्ज्ञ त्या बाजूचे फुप्फुस काही काळ थांबवतात आणि दुसऱ्यावर श्वास सुरू ठेवतात. याला ‘वन लंग व्हेंटिलेशन’ म्हणतात.

मुलांमध्ये अवघड काय?

नवजात बाळाची श्वासनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असते. नळी काही मिलिमीटर सरकली, तरी जागा चुकते. शिवाय वजनाच्या तुलनेत बाळाला प्रौढांपेक्षा सुमारे दुप्पट ऑक्सिजन लागतो. त्यामुळे चूक सुधारायला वेळ कमी मिळतो.

कोणती नळी वापरतात?

मोठ्यांसाठी दोन मार्गांची नळी असते. तिचा सर्वांत लहान प्रचलित आकार २६ फ्रेंच. तो साधारण ८ वर्षांपुढील मुलांनाच बसतो. त्याहून लहान मुलांमध्ये टोकाला फुगा असलेला ‘ब्रॉन्कियल ब्लॉकर’ वापरतात किंवा साधी नळीच एका शाखेत पुढे सरकवतात. उजवी शाखा सरळ असल्याने नळी सहसा तिकडेच जाते. डावीकडे नेणे कठीण असते.

कॅमेरा नेमके काय करतो?

व्हिडिओ लॅरिंगोस्कोपमुळे स्वरयंत्र पडद्यावर दिसते आणि नळी आत घालणे सोपे होते. पण त्यापुढचे त्यातून दिसत नाही. तिथे सुमारे २ मिलिमीटर जाडीचा लवचीक ब्रॉन्कोस्कोप नळीतून उतरवतात. श्वासनलिका जिथे दुभंगते ती जागा आणि ब्लॉकरचा फुगा दोन्ही पडद्यावर पाहता येतात. केवळ स्टेथोस्कोपवर विसंबणे धोक्याचे, कारण चिमुकल्या छातीत एका बाजूचा आवाज दुसरीकडेही ऐकू येतो.

तान्ह्या बाळाच्या अरुंद नळीत स्कोप आणि ब्लॉकर एकत्र मावत नाहीत. अशा वेळी ब्लॉकर नळीच्या बाहेरून ठेवतात.

धोका कधी?

मुलाला कुशीवर वळवताना. फुगा मुख्य श्वासनलिकेत सरकला, तर दोन्ही फुप्फुसांची हवा अडते. अशा वेळी फुगा तातडीने रिकामा करावा लागतो. म्हणूनच कुशीवर वळवल्यानंतर कॅमेऱ्याने पुन्हा तपासणी होते.

पालकांनी काय करावे?

अलीकडे सर्दी, खोकला, ताप झाला असल्यास भूलतज्ज्ञांना जरूर सांगा. मुलांना भूल देण्याचा अनुभव आणि लहान आकाराचा स्कोप उपलब्ध आहे का, हेही निःसंकोच विचारा.