फुंकरीची विद्या

आमच्या नाकाडोंगरीजवळ डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आहे. तिथल्या काळ्या दगडाचा आणि नितळ काचेचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. वाळूत लोहाचा अंश असला की काचेला हिरवट झाक येते. थोडासा मँगनीज डायऑक्साइड घातला की ती मावळते. प्रमाण वाढले तर काच जांभळी होते. म्हणून युरोपातले जुने काचकार या खनिजाला काचेचा साबण म्हणत.

पण काच नुसत्या द्रव्यांनी घडत नाही. ती माणसाच्या देहाने घडते. पुणे जिल्ह्यात तळेगाव येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमविण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले आणि परदेशी काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी काम उभे केले. कारखाना हीच शाळा होती.

अशा शाळेत विद्यार्थी काय शिकतो? सुमारे अकराशे अंश उष्णतेचा, मधासारखा रस लोखंडी नळीच्या टोकावर घेतला की नळी सतत फिरती ठेवावी लागते. थांबली की रस एका अंगाला ओघळतो. फुंकर जोराची झाली तर काच पातळ होऊन फुटते, रेंगाळली तर थिजते. किती फुंकायचे हे गुरूलाही शब्दांत सांगता येत नाही. तो करून दाखवितो, शिष्याचे भांडे बिघडते, पुन्हा रस घेतला जातो. एके दिवशी मनगट आणि श्वास न विचारता काम करू लागतात. आमच्या मते त्याच दिवशी विद्यार्थ्याचा कारागीर झाला. प्रमाणपत्र मागाहून येवो.

हा देह मात्र झिजतो. भट्टीच्या अवरक्त किरणांनी वर्षानुवर्षांनंतर डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत त्याची गणना झाली. मँगनीजची विषबाधाही त्याच यादीत आली. खाणीतला आमचा माणूस आणि भट्टीपुढचा कारागीर असे एकत्र भेटले.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवाराला कामगार न मानता शिकणारा मानले. शिकण्यापुरते ते ठीक. पण विद्या अंगात मुरल्यावरही त्याला शिकाऊ म्हणूनच राबविणे ही श्वासाची चोरी आहे. तरुणांना आमचे सांगणे एवढेच: विद्या मनापासून शिका, डोळे सांभाळा, आणि हात तयार झाला की पुरते दाम मागा.