परदेशी यात्रा आणि खिशातील कार्ड : शुल्क नेमके कोठे लागते?

देगलूर परिसरातील भाविक परदेशी यात्रेस निघतात तेव्हा राष्ट्रीय महामार्ग १६१ ने तेलंगणात उतरून हैदराबादचे विमानतळ गाठणे त्यांना सोयीचे पडते. रोम असो वा पवित्र भूमी, प्रवास, निवास व भोजन यांचे पैसे यात्रेचे संयोजक बहुधा आधीच घेतात. यात्रेकरूच्या हाती उरतो तो किरकोळ खर्च : पाणी, चहा, एखादे औषध, घरच्यांसाठी जपमाळा, वाटाड्याला बक्षिशी. निवृत्त शिक्षकाने वा शेतकरी कुटुंबाने वर्षानुवर्षे साठविलेल्या पैशांतील हा शेवटचा हिस्सा असतो. तो कोणत्या कार्डातून खर्च करावा, याचा विचार मात्र निघण्याच्या आदल्या आठवड्यात होतो.

प्रथम एक साधी गोष्ट पाहू. आपल्याजवळचे कार्ड परदेशात चालते काय? जनधन खात्यावर मिळालेले साधे रुपे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठी असते. अनेक सहकारी बँकांच्या कार्डांचीही तीच स्थिती आहे. शिवाय रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये नियम केला की, नवे कार्ड आरंभी देशातच चालेल आणि परदेशातील वापर खातेदाराने स्वतः सुरू करून घ्यावा लागेल. ही सोय बँकेच्या मोबाईल अॅपवर असते. ते जमत नसल्यास शाखेत जाऊन विचारावे. ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो क्रमांक परदेशात चालू राहील ना, हेही तेव्हाच पाहावे.

आता शुल्काकडे वळू. आपण कार्डाची वार्षिक फी पाहतो आणि ‘मोफत’ हा शब्द वाचून समाधान पावतो. परंतु परदेशात खरा भुर्दंड चलन रूपांतराच्या शुल्कातून पडतो. बँकांच्या भाषेत त्यास ‘फॉरेक्स मार्कअप’ म्हणतात. तो सर्वसाधारणपणे दोन ते साडेतीन टक्के असतो व त्यावर अठरा टक्के जीएसटी लागतो. समजा, आपण चाळीस हजार रुपयांचा खर्च केला. साडेतीन टक्क्यांनी १,४०० रुपये, त्यावर जीएसटी २५२ रुपये, म्हणजे एकूण १,६५२ रुपये गेले. त्याची वेगळी पावती मिळत नाही. खात्याच्या उताऱ्यात ती रक्कम कोठेतरी मिसळलेली असते, म्हणून ती जाणवत नाही.

एटीएममधून रोख काढल्यास प्रत्येक वेळी आपल्या बँकेचे ठरावीक शुल्क पडते आणि तिकडचे एटीएमही पुष्कळदा स्वतःचे शुल्क घेते. म्हणून थोडे थोडे पैसे चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढणे परवडते. क्रेडिट कार्डावर रोख काढणे तर शक्यतो टाळावेच, कारण त्यावर रोख उचलीचे वेगळे शुल्क आणि त्याच दिवसापासून व्याज लागते.

मार्कअप न आकारणारी कार्डेही गेल्या काही वर्षांत निघाली आहेत. काही बँका मुदत ठेवीच्या तारणावर असे क्रेडिट कार्ड देतात, त्यामुळे पगारपत्रक नसलेल्यासही ते मिळू शकते. अटी बदलत असतात. अर्ज करण्यापूर्वी चालू शुल्कपत्रक मागून वाचावे.

दुसरा मार्ग प्रीपेड फॉरेक्स कार्डाचा. रुपये देऊन त्यात युरो वा डॉलर आधीच भरायचे. भरतानाच दर निश्चित होतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु कार्ड देण्याचे शुल्क असते आणि भरतानाच्या दरातही बँकेचा नफा मिळविलेला असतो. म्हणून किमान दोन ठिकाणी विचारून, ‘सर्व धरून एक युरो कितीला पडेल?’ एवढाच प्रश्न करावा. रोमला जाणाऱ्यास युरो पुरतो; व्हॅटिकनमध्येही तोच चालतो. पवित्र भूमीच्या यात्रेत मात्र इस्रायलचा शेकेल, जॉर्डनचा दिनार आणि इजिप्तचा पौंड अशी तीन चलने लागू शकतात. कार्डात ते चलन नसेल तर डॉलरमधून पुन्हा रूपांतर होते आणि पुन्हा शुल्क बसते. अल्प खर्चासाठी एवढा खटाटोप नेहमीच किफायतशीर ठरतो असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या मुस्लिम बांधवांचे उदाहरण येथे बोलके आहे. हज समिती पूर्वी प्रत्येक यात्रेकरूकडून पैसे घेऊन त्यास २,१०० रियाल देत असे. २०२३ पासून ती सक्ती गेली. ज्याला जितके हवे तितके त्याने न्यावे, असे ठरले आणि स्टेट बँकेमार्फत रोख रियाल व फॉरेक्स कार्ड यांची सोय झाली. सारा हिशेब गरजेवर आला.

कार्ड कितीही चांगले असो, दुकानातील यंत्रासमोर ते व्यर्थ ठरू शकते. तेथे पडद्यावर विचारणा होते : रक्कम युरोत द्यावी की रुपयांत? आपल्या ओळखीचे रुपये पाहून मन तिकडे झुकते. परंतु रुपये निवडल्यास दर दुकानदाराच्या बाजूची बँक ठरविते व तो बहुधा महाग असतो. शिवाय आपल्याकडील काही बँका अशा व्यवहारावरही शुल्क लावतात. तेव्हा नेहमी त्या देशाचेच चलन निवडावे. दुकानदाराने आपणहून रुपये दाबले असतील, तर व्यवहार रद्द करण्यास सांगण्याचा संकोच करू नये.

केवळ कार्डावर विसंबूनही चालत नाही. १ जानेवारी २०१३ पासून काही आठवडे खुद्द व्हॅटिकनमध्ये कार्डे बंद होती. इटलीच्या मध्यवर्ती बँकेने तेथील कार्डव्यवहार सांभाळणाऱ्या बँकेस परवानगी नाकारली होती. वस्तुसंग्रहालय पाहण्यास आलेल्यांना तिकिटासाठी रोख पैसे मोजावे लागले. पुढे एका स्विस कंपनीमार्फत १२ फेब्रुवारीस व्यवहार पूर्ववत झाले. आदल्याच दिवशी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी पदत्यागाची घोषणा केली होती, त्यामुळे या बातमीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. सोबत थोडे युरो रोख आणि वेगळ्या बँकेचे दुसरे कार्ड असावे, तेही दुसऱ्या पिशवीत.

रोख परकीय नोटा एका प्रवासासाठी सामान्यतः तीन हजार डॉलर्सपर्यंत मिळतात. परतल्यावर उरलेले परकीय चलन १८० दिवसांत बँकेस वा अधिकृत विक्रेत्यास परत करावे लागते. दोन हजार डॉलर्सपर्यंत जवळ ठेवता येते. फॉरेक्स कार्डातील शिल्लकही तशीच पडू देऊ नये, कारण काही कार्डांवर न वापरल्याचे शुल्क दरमहा कापले जाते. ते कार्ड ज्या शाखेतून घेतले तेथे जाऊन उरलेली रक्कम रुपयांत खात्यावर जमा करून घ्यावी.