जुनी गाडी पारखताना

वालचंदनगर वसविणाऱ्या शेठ वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापिली. मोटारीशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. नीरा-भीमाकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात फोर-व्हील ड्राइव्ह उपयोगी पडते, म्हणून बारामती-इंदापूरकडे अशी जुनी गाडी घ्यावीशी वाटते. मात्र रंगास भुलू नये. चारही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले असावेत. डिफरन्शियलचे तेल दुधाळ असल्यास आत पाणी शिरले असे समजावे. फोर-व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरावर नव्हे, मोकळ्या मातीत लावून पाहावी. चेसिस क्रमांक आरसीशी ताडावा. आणि आपणच विक्रेते असू, तर गिऱ्हाइकाने विचारण्याआधी दोष सांगावा. सत्याणुव्रताची कसोटी मंदिरापेक्षा पेढीवरच अधिक लागते.