दुसऱ्या खेपेला जांघेत कळ, अन् लेकरू कडेवरून उतरेना? मग हे वाचाच

सहावा-सातवा महिना लागलाय. रात्री कूस बदलायला गेलं की जांघेत, अगदी समोरच्या हाडावर, सुरी फिरवावी तशी कळ येते. सकाळी उठून पहिली दोन पावलं टाकायची म्हटलं तर भिंत धरावी लागते. आणि तेवढ्यात दीड वर्षाचं लेकरू हात वर करून समोर उभं, "आई, घे." आपल्या तालुक्यांत असं घराघरांत चालू असतं, पण बाई सांगत नाही. सांगितलंच तर उत्तर ठरलेलं, "पोटुशी बाईची कंबर दुखणारच, आम्ही नाही का दिवस काढले?"

दुखू शकतं हे खरं. पण मुकाट सोसायलाच पाहिजे, हे काही खरं नाही.

दुखतं ते नेमकं काय?

कमरेखालचा भाग म्हणजे हाडांचं एक कडं आहे. ते तीन ठिकाणी जोडलेलं असतं. एक सांधा समोर, ओटीपोटाच्या खाली. दोन मागे, माकडहाडाच्या वर डाव्या-उजव्या अंगाला. एरवी हे सांधे हलतात ते अगदी नावालाच. गरोदरपणात त्यांना बांधून ठेवणारे पट्टे सैल होतात, पोटाचं वजन वाढतं, उभं राहायची ढब बदलते. मग तिन्ही सांधे सारखे हलत नाहीत आणि ठणका सुरू होतो. बैलगाडीच्या चाकाची धाव सैल झाली आणि माल एकाच अंगाला भरला, तर चाक जसं कुरकुरतं, तसंच हे.

डॉक्टर याला पेल्विक गर्डल पेन म्हणतात. साधारण पाच गरोदर बायांमागे एकीला हा त्रास होतो. पहिल्या खेपेला झाला असेल तर दुसऱ्या खेपेला परत होण्याची शक्यता जास्त. पोटातल्या बाळाला यामुळे काही इजा होत नाही, आणि बहुतेक बायांची बाळंतपणं नॉर्मलच होतात. "कॅल्शियम कमी पडलं असेल" असं लोक सांगतात. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच, पण त्यांनी हे दुखणं जाईल अशी आशा धरू नका. दुखण्याचं मूळ सैल सांध्यांत आहे.

ओळख सोपी आहे. एका पायावर भार आला की दुखतं. जिना चढताना, सलवार घालताना, अंथरुणातून उठताना, एसटीची उंच पायरी चढताना. कधी सांध्यातून कट्कन आवाजही येतो.

कडेवर घेणं हेच मोठं ओझं

दोन वर्षांचं मूल साधारण 10 ते 12 किलोचं असतं. त्याला कडेवर घेतलं की बाई एका अंगाला कंबर बाहेर काढून उभी राहते, म्हणजे सगळा भार एकाच बाजूच्या सांध्यावर. दिवसातून वीस वेळा हेच. म्हणून गोळी-औषधाच्या आधी बदलायची गोष्ट ही आहे.

लेकराला उचलायचं नाही म्हणजे जवळ घ्यायचं नाही असं नाही. तुम्ही खाटेवर किंवा खुर्चीवर बसा आणि त्याला स्वतः चढून मांडीवर येऊ द्या. खाटेशेजारी एक पाट ठेवला की दीड वर्षाचं पोर दोन दिवसांत चढायला शिकतं. पहिले काही दिवस रडेल, पाय आपटेल. दारात उभं राहून घेण्यापेक्षा आत येऊन बसून घेतलं तर तेही सवयीनं शांत होतं. उचलणं टळतच नसेल तर दोन्ही पाय जमिनीवर सारखे टेकवा, लेकराला छातीशी समोर धरा आणि उचलून वळू नका. आधी पावलं फिरवा, मग अंग.

आंघोळ घालताना वाकून उभं राहू नका. तुम्ही स्टुलावर बसा, लेकरू समोर उभं. जमिनीवर पाय पसरून लंगोट बदलण्यापेक्षा खाटेवर बदला. झोळीत टाकायचं-काढायचं काम मात्र दुसऱ्या कुणीतरी करावं, कारण त्यात वाकणं, उचलणं आणि वळणं तिन्ही एकदम येतं.

इथे घरच्यांचं काम येतं, आणि हे लिहिताना जरा स्पष्टच लिहितो. "आराम कर" असं सांगून पुरुष मंडळी पारावर जाऊन बसली तर आराम कसा होणार? लेकराला संध्याकाळी फिरवून आणणं, रात्री उठून पाणी देणं, आंघोळीचं पाणी उचलून ठेवणं ही कामं बापाला आणि आजोबाला जमण्यासारखी आहेत. भरलेला 15 लिटरचा हंडा म्हणजे 15 किलो वजन. तो कमरेवर घेऊन येणं या दिवसांत बंदच करायला हवं. ऊसतोडीला गेलेल्या बाईला हा सल्ला चेष्टेसारखा वाटेल, हे आम्हाला कळतं. तिच्यासाठी निदान एवढं व्हावं, की मोळी उचलून गाडीपर्यंत नेण्याचं काम जोडीदाराने घ्यावं आणि तिच्याकडे बसून करायचं काम राहावं.

उठणं, बसणं, झोपणं

एकच सूत्र लक्षात ठेवा, दोन्ही गुडघे जोडीने हलले पाहिजेत. झोपताना कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी नाहीतर घडी केलेली गोधडी घाला. कूस बदलताना गुडघे एकमेकांना चिकटवून सगळं अंग एकदम वळवा. खाली सतरंजीवर झोपत असाल तर सरळ उठू नका. आधी कुशीवर या, मग हाता-गुडघ्यांवर, मग खाट धरून उभ्या राहा. जमलं तर खाटेवरच झोपा.

मांडी घालून किंवा उकिडवं बसून दुखत असेल तर स्वयंपाक ओट्यावर, नाहीतर स्टुलावर बसून करा. संडासात उकिडवं बसणं नकोसं होतं, पण लाजेपायी पाणी कमी पिऊ नका, त्याने लघवीचा वेगळाच त्रास मागे लागतो. भोक पाडलेली कमोडची खुर्ची किंवा स्टूल मिळतं, ते ठेवा. सलवार, परकर बसूनच घाला.

पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. रिक्षात किंवा जीपमध्ये आधी सीटवर बूड टेका, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. मोटारसायकलवर एका अंगाला बसून, मांडीवर लेकरू घेऊन खड्ड्यांतून जाणं या दुखण्याला फार वाईट. तपासणीला जायचं असेल तर रिक्षा बघा, लेकराला घरी ठेवा.

हालचाल मात्र पूर्ण बंद करू नका. थोडं चाला, थोडं टेका, दुखायच्या आधीच थांबा. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो. तिथे कंबर-ओटीपोटाचे सोपे व्यायाम शिकवतात, त्याने खरंच फरक पडतो. कमरेचा पट्टाही काहींना आराम देतो. तो पोटाच्या खालून, कुल्ह्याच्या हाडांभोवती बांधायचा, पोटावर आवळायचा नाही. पाठीला हलकं तेल लावायला हरकत नाही, पण पोट चोळून घेऊ नका.

इंजेक्शन टोचून घेण्याआधी

हे नीट वाचा. अंगदुखीसाठी दुकानातून सहज मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक या गोळ्या, किंवा कंबर धरली म्हणून टोचलेलं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, गरोदरपणात स्वतःच्या मनाने नको. पाचव्या महिन्यानंतर अशा औषधांनी बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसण्याचा धोका असतो. दवाखान्यात गेल्या-गेल्या "मी गरोदर आहे, एवढा महिना चालू आहे" असं आधी सांगा. वेदना फारच असतील तर पॅरासिटामॉल घेता येतं, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

हे दुखणं ते नव्हे

प्रत्येक कळ सांध्याची नसते. पोट कडक होऊन सैल होतंय, पुन्हा कडक होतंय, आणि नववा महिना अजून लांब आहे, तर थांबू नका. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, ताप येऊन लघवीला जळजळ, एकाच पायाची पोटरी सुजून लाल होणं, डोकं प्रचंड दुखून नजर अंधुक होणं, पाय बधिर पडणं किंवा लघवीवर ताबा न राहणं, यातलं काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठा. 108 ला फोन करा, गरोदर मातांसाठी 102 ची गाडीही आहे. दोन्ही मोफत.

बाकी साध्या दुखण्यासाठी आशाताईला सांगा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, तिथे हा त्रास तोंडाने बोलून दाखवा. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं करू नका.

बाळंतपणाच्या आधी आणखी एक करा. पाठीवर झोपून दोन्ही गुडघे न दुखता किती लांब जातात ते पाहून ठेवा आणि माता-बाल संरक्षण कार्डावर "जांघेचा सांधा दुखतो" असं लिहून घ्या. कळा सुरू झाल्यावर सिस्टरला ते दाखवा. कुशीवर झोपूनही बाळंतपण होऊ शकतं, पाय ओढून फाकवायची गरज नसते. बाळंतपणानंतर बहुतेकींचं दुखणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातं. तीन महिन्यांनीही चालताना कळ येत असेल तर पुन्हा दाखवा. तोवर थोरलं लेकरू धाकट्यावर रुसून "मलाही कडेवर घे" म्हणणारच, तेव्हा खाटेशेजारचा पाट लगेच उचलून ठेवू नका.