फायरमनचा कोट कोण ठरवतो?

अमेरिकेतल्या फायरमनचा कोट तीन थरांचा असतो. बाहेरचा थर ज्वाळा आणि घासण्या-फाटण्यापासून वाचवतो, मधला थर पाणी व रसायने आत शिरू देत नाही आणि आतला थर उष्णता अडवतो. तिन्ही थरांनी मिळून किती संरक्षण द्यायचे, याचा आकडा ठरलेला आहे. प्रयोगशाळेत ज्वाळा आणि तप्त किरणांचा ठरावीक मारा केल्यावर, कोटाखालच्या कातडीला दुसऱ्या दर्जाची भाजल्याची जखम होईल इतकी उष्णता आत पोहोचायला किमान साडेसतरा सेकंद लागले पाहिजेत. संपूर्ण खोली एकाच वेळी पेट घेते त्या क्षणी दाराबाहेर पडण्यासाठी दिलेली ही मुदत आहे. आत राहून काम चालू ठेवता यावे, अशी त्या कोटाकडून अपेक्षाच नाही.

थर जाड केले तर मुदत वाढेल, पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. जाड कोटात अंगाची उष्णता कोंडते, आणि कामावर असताना मरण पावणाऱ्या अमेरिकी फायरमनांमध्ये सर्वांत मोठा वाटा हृदयविकाराच्या झटक्याचा असतो. म्हणून कोटातून अंगाची उष्णता किती बाहेर पडली पाहिजे, याचाही किमान आकडा घातलेला आहे. पाठीवरच्या बीए सेटची, म्हणजे हवेच्या नळकांड्याची, धोक्याची घंटा पूर्वी हवा एक चतुर्थांश उरली की वाजत असे. बीए सेटच्या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीपासून ती एक तृतीयांश उरताच वाजावी असे ठरले. फायरमन अर्धा मिनिट निपचित राहिला तर आपोआप कर्कश भोंगा देणारे यंत्रही अंगावर असावे लागते. धुराने भरलेल्या खोलीत पडलेला माणूस दिसत नाही, त्यामुळे शोधणाऱ्यांना या भोंग्याच्या आवाजाचाच माग काढावा लागतो.

हे सारे आकडे ठरवणारी संस्था सरकारी नाही. राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटना, इंग्रजी आद्याक्षरांनी एनएफपीए, ही १८९६ मध्ये स्थापन झालेली खासगी, ना-नफा संस्था आहे. तिच्या समित्यांवर अग्निशमन अधिकारी, कामगार संघटना, प्रयोगशाळा आणि विमा कंपन्यांचे लोक असतात, तसेच कोट आणि बीए सेट बनवणारे उत्पादकही असतात. कोणत्याही एका गटाला समितीत एक तृतीयांशाहून अधिक जागा मिळू नयेत, असा नियम आहे. समिती मानक लिहिते आणि काही वर्षांनी ते सुधारते. मात्र ते न पाळणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार तिला नाही. एखाद्या राज्याने किंवा केंद्रीय खात्याने आपल्या नियमात त्या मानकाचा उल्लेख केला, तरच ते कायद्याचा भाग होते.

या उल्लेखातही एक अडचण आहे. केंद्रीय नियमात मानक घालायचे तर त्याची विशिष्ट आवृत्ती नमूद करावी लागते. ‘आज आहे ते आणि पुढे जे होईल ते’ असे मोघम लिहून चालत नाही, कारण तसे केल्यास पुढचा कायदा लिहिण्याचे काम खासगी संस्थेच्या हाती जाईल. कारण रास्त असले तरी त्याचा परिणाम विचित्र आहे. केंद्रीय कामगार खात्याच्या ‘ओशा’ या सुरक्षा विभागाने १९८० मध्ये अग्निशमन पथकांसाठी नियम केला आणि त्यात कोटासाठी १९७५ च्या मानकाचा हवाला दिला. मानक त्यानंतर अनेकदा बदलले, नियमातला हवाला मात्र १९७५ चाच राहिला. व्यवहारात दले नव्या मानकाचे कोट घेतात आणि जुना नियम मोडला म्हणून ओशा त्यांना धरत नाही, ही गोष्ट वेगळी.

१९८० चा हा नियम वाचताना त्याची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. अग्निशमन पथक ठेवलेच पाहिजे, अशी सक्ती तो कोणावर करत नाही. पथक ठेवले, तर त्याचे काम काय आणि प्रशिक्षण किती हे लेखी मांडावे, पेटत्या इमारतीत शिरणाऱ्यांना दर तिमाहीला प्रशिक्षण द्यावे आणि डोक्यापासून पायापर्यंतचा संरक्षक पोशाख मालकाने स्वतःच्या खर्चाने पुरवावा, असे तो सांगतो.

खरी मेख ‘मालक’ या शब्दात आहे. १९७० च्या ज्या कायद्याखाली ओशा स्थापन झाली, त्या कायद्याने मालकाच्या व्याख्येतून राज्य सरकारे आणि त्यांच्या अखत्यारीतल्या स्थानिक संस्था वगळल्या आहेत. अमेरिकेतली बहुतेक अग्निशमन दले शहरांची, गावांची किंवा अग्नि-जिल्ह्यांची आहेत. त्यामुळे तेलशुद्धीकरण कारखान्याच्या खासगी पथकातल्या फायरमनला केंद्रीय कायद्याचे छत्र मिळते, आणि कुंपणापलीकडच्या शहराच्या फायरमनला ते मिळेलच असे नाही. ही फट बुजवण्याचा एक मार्ग कायद्यातच दिला आहे. राज्याने स्वतःची सुरक्षा योजना केंद्राकडून मंजूर करून घेतली, तर तिच्यात सरकारी कर्मचारीही आणावेच लागतात. कॅलिफोर्नियासारख्या वीसहून अधिक राज्यांनी तशा संपूर्ण योजना केल्या. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय अशा काही राज्यांनी फक्त सरकारी कर्मचाऱ्यांपुरती योजना केली. टेक्सास, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, ओहायो या मोठ्या राज्यांनी योजना केलीच नाही. त्यांतल्या टेक्सासने पगारी फायरमनांच्या पोशाखाचे व प्रशिक्षणाचे नियम करणारा वेगळा आयोग नेमला आहे. बाकीच्यांची तऱ्हा ज्याची त्याची. भारतातही अग्निशमन हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या यादीत येतो आणि महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा मुख्यतः इमारतीच्या मालकाला व भोगवटादाराला बांधून घेतो, हे इथे आठवायला हरकत नाही.

ओशाच्या नियमांपैकी फायरमनांच्या तोंडी सर्वाधिक असलेला नियम कोटाबद्दल नाही, तो माणसांच्या संख्येबद्दल आहे. १९९८ मध्ये श्वसनसंरक्षणाच्या नियमात सुधारणा झाली आणि ‘दोघे आत, दोघे बाहेर’ हे तत्त्व त्यात आले. पेटत्या इमारतीत शिरायचे तर किमान दोघांनी मिळून, बीए सेट लावून, एकमेकांच्या नजरेच्या किंवा हाकेच्या टप्प्यात राहून शिरायचे, आणि त्यांना गरज पडल्यास आत धावता यावे म्हणून किमान दोघे बाहेर सज्ज ठेवायचे. बाहेरच्या दोघांपैकी एकाला दुसरे काम देता येते, पण ते काम सोडून गेल्याने आणखी कोणाचा जीव धोक्यात येणार नसेल तरच. आत कोणी अडकले असेल तर चौघे जमेपर्यंत थांबण्याची गरज नाही, असेही नियमाच्या टिपेत स्पष्ट आहे. कागदावर हे साधे दिसते. ज्या गावात वर्दी मिळाल्यावर बंबावर तिघेच येतात, तिथे मात्र हा नियम म्हणजे चौथ्या माणसाच्या पगाराची तरतूद करण्याचा आदेश ठरतो. नगर परिषदांचा विरोधही नेमक्या याच मुद्द्यावर होत आला आहे.

उपकरण आधी की कायदा आधी, याचे बोलके उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. २३ जानेवारी २००५ रोजी शहरावर हिमवादळ घोंघावत असताना ब्राँक्स भागातल्या एका रहिवासी इमारतीला आग लागली. चौथ्या मजल्यावर भाडेकरूंची शोधाशोध करणारे सहा फायरमन ज्वाळांनी घेरले गेले. बेकायदा भिंती घालून घरांचे तुकडे पाडलेले होते आणि बाहेरच्या लोखंडी सुटकाजिन्याकडे जाणारी वाट त्यातच बंद झाली होती. सहाही जणांनी खिडक्यांतून खाली उड्या टाकल्या. दोघे त्याच दिवशी गेले, इतर जबर जायबंदी झाले. त्यांच्यापैकी एकाकडे स्वतःच्या पैशाने विकत घेतलेला दोर होता. त्याच्या आधाराने त्याने व त्याच्या एका सहकाऱ्याने उतरण्याचा प्रयत्न केला. दोघेही पडले, पण वाचले. तो सहकारीही त्या दुखापतींच्या परिणामांनी २०११ मध्ये दगावला.

शहराचे दल एके काळी फायरमनांना वैयक्तिक दोर देत असे. २००० च्या सुमारास ते बंद झाले होते. दुर्घटनेनंतर त्याच वर्षी दलाने नवा संच आणला: उष्णता सोसणारा दोर, खिडकीच्या चौकटीत किंवा भिंतीत अडकवायचा आकडा, उतरताना वेग आवरणारे यंत्र आणि कमरेला बांधायचा पट्टा. २०१६ मध्ये ब्राँक्सच्या ज्युरीने या प्रकरणात १८ कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली आणि दोषाचा ८० टक्के वाटा शहराच्या माथी मारला, उरलेला इमारतीच्या माजी मालकाच्या.

दरम्यान राज्याच्या विधिमंडळाने २००७ मध्ये कामगार कायद्यात दुरुस्ती करून सुटकेचे दोर बंधनकारक केले. त्याखालचे नियम तपशीलवार आहेत आणि त्यांची रचना मुद्दाम पाहावी अशी आहे. सगळ्यांनी सरसकट दोर घ्या, असे ते म्हणत नाहीत. प्रत्येक दलाने आपल्या हद्दीतल्या इमारतींचा विचार करून धोक्याचे लेखी मूल्यमापन करावे. फायरमन उंचावर अडकण्याची शक्यता दिसली तर दोर व जोडसाहित्य द्यावे, ते एनएफपीएच्या मानकाचे असावे, वापरण्याचे प्रशिक्षण द्यावे आणि साहित्याची तपासणी करत राहावे, असा क्रम आहे. सगळीच घरे बैठी असलेल्या गावाने विनाकारण खर्च करू नये आणि चार मजली चाळी असलेल्या गावाने सबब सांगू नये, हा हेतू त्यामागे दिसतो. न्यूयॉर्कच्या योजनेत स्वयंसेवी फायरमनही येत असल्याने हे बंधन लहान गावांच्या दलांनाही लागू झाले.

ही झाली फायरमनप्रती दलाची जबाबदारी. नागरिकांप्रती दलाचे कर्तव्य काय, याचे कायद्यातले उत्तर सामान्य माणसाला धक्का देणारे आहे. अमेरिकी न्यायालयांनी मान्य केलेल्या तत्त्वानुसार अग्निशमन दलाचे कर्तव्य एकूण समाजाप्रती असते. अमुक एका घरमालकाप्रती ते सहसा नसते, त्यामुळे बंब उशिरा आला म्हणून शहरावर दावा लावून जिंकणे कठीण. शिवाय दल ठेवायचे की नाही, हाही बहुतेक ठिकाणी स्थानिक निर्णय असतो. टेनेसी राज्यातल्या साउथ फुल्टन या छोट्या शहराचे दल आसपासच्या ग्रामीण भागाला वर्षाला ७५ डॉलर वर्गणी घेऊन सेवा देत असे. सप्टेंबर २०१० मध्ये वर्गणी न भरलेल्या एका कुटुंबाच्या घराला आग लागली. बंब आला तो वर्गणी भरलेल्या शेजाऱ्याच्या मालमत्तेपर्यंत आग पोहोचल्यावर. जवानांनी ती बाजू सांभाळली. जळत्या घराच्या मालकाने लागेल तो खर्च द्यायची तयारी दाखवली, तरी घर जळू दिले गेले. घरातले पाळीव प्राणी मेले. देशभर संताप उसळला, पण कायदा मोडला गेला नव्हता. पैसे आग लागल्यावरच घेतले तर आधी कोणी भरणारच नाही आणि दलच उरणार नाही, असा युक्तिवाद शहराने केला. हिशेब म्हणून तो बरोबर असेल. अग्निशमनाला विम्याच्या हप्त्याचे रूप दिले की काय होते, ते मात्र त्या दिवशी सगळ्यांना दिसले.

कायदा नागरिकाला अशी हमी देत नसला, तरी पगारी दलांच्या कामगिरीसाठी एनएफपीएचे १७१० क्रमांकाचे मानक २००१ पासून आहे. आगीची वर्दी मिळाल्यावर ८० सेकंदांत केंद्रातून निघावे, पहिला बंब चार मिनिटांच्या प्रवासात पोहोचावा आणि त्यावर चार माणसे असावीत, असे ते सांगते. स्वयंसेवी दलांसाठी वेगळे, सैल मानक आहे, कारण अमेरिकेतले निम्म्याहून अधिक फायरमन स्वयंसेवक आहेत आणि वर्दीच्या वेळी ते आपापल्या घरी, शेतावर किंवा नोकरीवर असतात.

अलीकडे नियमनाचा एक नवाच पेच उभा राहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये फायरमनचे काम हेच कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. धूर आणि काजळी ही त्यामागची उघड कारणे. पण संशयाची सुई कोटाकडेही वळली. मधल्या जलरोधक थरात पीफास नावाची, निसर्गात जवळजवळ न विघटणारी रसायने असतात. त्या थराने अतिनील प्रकाशाचा मारा ४० तास सोसला पाहिजे, अशी चाचणी एनएफपीएच्या मानकात होती, आणि पीफासखेरीज दुसरे काही त्या चाचणीत टिकत नाही, असा फायरमनांच्या संघटनेचा आरोप होता. जीव वाचवण्यासाठी लिहिलेले मानकच विषारी रसायनांची सक्ती करते, असे म्हणत संघटनेने २०२३ मध्ये एनएफपीएवर खटला भरला. मॅसॅच्युसेट्सने २०२४ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२७ पासून मुद्दाम पीफास वापरलेल्या पोशाखांच्या विक्रीवर बंदी घातली.

१९८० चा नियम मोडीत काढून त्या जागी आपत्कालीन सेवांचा व्यापक नियम आणण्याचा मसुदा ओशाने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एनएफपीएची अनेक नवी मानके एकदम घेतली होती आणि आरोग्य तपासणीपासून घटनास्थळावरच्या नेतृत्वापर्यंत सगळे बांधून दिले होते. पगारी फायरमनांच्या संघटनेने मसुद्याचे स्वागत केले. स्वयंसेवी दलांनी मात्र कडाडून विरोध केला. बंबाच्या डिझेलसाठी गावजेवणे घालून आणि सोडती काढून पैसे उभे करणाऱ्या दलांना एवढी पूर्तता झेपणार नाही, कित्येक दले बंद पडतील आणि त्या गावांत वर्दी घ्यायलाच कोणी उरणार नाही, असे त्यांनी सुनावण्यांत मांडले.